जुन्या लष्करी भूसुरुंगांच्या पेटंटांचा माग कसा काढावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: गावातील माजी सैनिकांनी मिळून एक छोटे दालन उभारले आहे. त्यात दुसऱ्या महायुद्धातील ताटलीसारख्या जर्मन रणगाडाविरोधी सुरुंगाचा रिकामा डबा, लाकडी पेटीच्या सुरुंगाची प्रतिकृती, एका जुन्या सुरुंगशोधक यंत्राचे कडे आणि ‘क्लेमोर’ या बाकदार अमेरिकी सुरुंगाची सरावासाठी वापरली जाणारी निर्जीव प्रत मांडलेली आहे. प्रत्येक वस्तूखालच्या पाटीवर शोधक कोण, पेटंट कोणते आणि वर्ष कोणते एवढे तीन रकाने भरायचे आहेत, आणि दोन आठवडे इंटरनेट धुंडाळूनही एकाही वस्तूपुढे खात्रीने नाव लिहिता आलेले नाही. पेटंटांचे जुने कागद शोधणे हा गेली सव्वीस वर्षे माझा व्यवसाय आहे आणि त्यातील बराच काळ लष्करी सामग्रीच्या कागदांत गेला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

शोधाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट. डबा रिकामा आहे हे कोणी ठरवले? ‘आजोबांनी आणला तेव्हापासून असाच पडून आहे’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. स्फोटक पदार्थ जुने झाले म्हणून निरुपद्रवी होत नाहीत, काही तर अधिक लहरी होतात. जिल्हा पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकाकडून तपासणी होऊन तसे लेखी मिळेपर्यंत त्या डब्याला हात लावू नये, तो घासूनपुसून अक्षरे उजळवू नयेत आणि उघडून पाहण्याचा विचारही करू नये. पेटंटाच्या शोधाला वस्तू हाताळण्याची गरज पडत नाही, दोन-चार अंतरांवरून काढलेली स्वच्छ छायाचित्रे पुरतात.

आता मूळ मुद्दा. आपल्या पाटीवरचे तीन रकाने असे गृहीत धरतात की एका सुरुंगाला एक शोधक आणि एक पेटंट असते. शिवणयंत्राच्या किंवा फाउंटन पेनच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी चालून जाते, भूसुरुंगाच्या बाबतीत ते जवळजवळ कधीच चालत नाही. सुरुंग ही भागांची जुळणी असते: आवरण, स्फोटकाचा भरणा, फ्यूज (म्हणजे स्फोट घडवून आणणारी कळ), वाहतुकीत अपघात होऊ नये म्हणून असलेली सुरक्षा-योजना, आणि पुढच्या काळात तर तो जमिनीत पेरणारे यंत्रही. यांतील फ्यूज एकाने, आवरण दुसऱ्याने, तर पेरणीचे यंत्र तिसऱ्याच देशातल्या कारखान्याने नोंदवलेले असू शकते, आणि संपूर्ण सुरुंग मात्र कोणाच्याच नावावर नसतो, कारण तो लष्कराच्या शस्त्रास्त्र विभागाने आपल्या आराखड्यानुसार बनवून घेतलेला असतो. म्हणून ‘या सुरुंगाचे पेटंट कोणते’ असे न विचारता ‘या सुरुंगाच्या कोणत्या भागाबद्दल, कोणत्या देशात, कोणत्या काळात कोणी हक्क मागितला असेल’ असे विचारावे. प्रश्न असा मोडून घेतला की शोधाला वाट मिळते.

पहिली अडचण शब्दांची आहे, आणि मराठी माणसाला ती लवकर समजावी, कारण आपल्या भाषेतही तीच गंमत झालेली आहे. शायिस्तेखानाने १६६० साली चाकणच्या संग्रामदुर्गाचा बुरूज सुरुंगाने उडवला असे आपण वाचतो. तो सुरुंग म्हणजे बुरुजाखाली खणलेला भुयारी मार्ग आणि त्यात ठासलेली दारू. पुढे विहिरी आणि बोगदे खणणाऱ्यांच्या बोलीत खडकाला पाडलेले भोक व त्यातला बार म्हणजे सुरुंग झाला, आणि पायाखाली फुटणाऱ्या डब्याला वेगळे नाव हवे म्हणून ‘भूसुरुंग’ हा शब्द रूढ झाला. इंग्रजीतील ‘माइन’ या शब्दाचा प्रवास हाच आहे. त्यामुळे जुन्या पेटंटांत ‘माइन’ हा शब्द टाकून शोध घेतला की कोळशाच्या खाणीतील दिवे, पंप आणि वाघिणी यांचा ढीग पुढ्यात येतो. उलट जे हवे असते ते भलत्याच नावाखाली दडलेले असते. अमेरिकी यादवी युद्धात, मे १८६२ मध्ये, दक्षिणेकडील सैन्याचे अधिकारी गेब्रिएल रेन्स यांनी व्हर्जिनियात यॉर्कटाउनहून माघार घेताना रस्त्यांत पुरलेल्या गोळ्यांना त्या काळी ‘टॉर्पेडो’ म्हणत. पाण्यातून स्वतःच्या बळावर धावणारा टॉर्पेडो इंग्रज अभियंते व्हाइटहेड यांनी आणला तो १८६६ च्या सुमारास, म्हणजे एकोणिसाव्या शतकातील कागदांत ‘टॉर्पेडो’ दिसला की तो जमिनीतला, नांगरून ठेवलेला की धावणारा, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. मॅक्लिंटॉक या अधिकाऱ्याने १९१२ च्या सुमारास बंगळूरला मद्रास सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलात तयार केलेल्या, काटेरी तारा उडवणाऱ्या लांब नळीलाही ‘बेंगलोर टॉर्पेडो’ हेच नाव मिळाले, आणि तिचा पाण्याशी काडीचाही संबंध नाही.

शब्दांवर भिस्त ठेवता येत नाही, म्हणून आम्ही वर्गीकरणावर ठेवतो. प्रत्येक पेटंटावर विषयाचा एक सांकेतिक क्रमांक असतो आणि जुन्या पेटंटांनाही आजच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील क्रमांक मागाहून लावलेले आहेत. भूसुरुंगांचा मुख्य गट ‘एफ ४२ बी २३’ हा आहे, आणि त्याच्या शीर्षकात आजही भूसुरुंगांच्या जोडीला जमिनीवरचे टॉर्पेडो टिकून आहेत. फ्यूज ‘एफ ४२ सी’ मध्ये सापडतात. सुरुंग शोधणे व हटवणे हा विषय ‘एफ ४१ एच ११’ मध्ये येतो. जुन्या जर्मन पेटंटांवर शस्त्रे, प्रक्षेपणास्त्रे व तटबंदी यांचा वर्ग ७२ छापलेला दिसतो, तर जुन्या अमेरिकी पद्धतीत दारूगोळ्याचा वर्ग १०२ होता. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या ‘एस्पेसनेट’वर किंवा जर्मन कार्यालयाच्या ‘डेपाटिसनेट’वर हे वर्ग आणि वर्षांची मर्यादा टाकून निकाल उतरवून घ्यावेत आणि शीर्षके वाचत न बसता आकृत्या पाहाव्यात. आकृतीला भाषा लागत नाही आणि ओळख पटायला डोळ्याला दोन सेकंद पुरतात. गूगलच्या पेटंट-शोधात मजकूर शोधता येतो हे खरे, परंतु जुन्या छपाईचे यंत्राने केलेले वाचन इतके सदोष असते की शब्द सापडला नाही याचा अर्थ तो तिथे नाही असा होत नाही.

क्लेमोरचे उदाहरण सविस्तर घेतो, कारण आपल्या चार वस्तूंपैकी पेटंटाचा कागद निःसंशय हाती लागतो तो हिचाच, आणि एका कागदावर किती विसंबावे हे शिकवण्यासाठी याहून चांगले प्रकरण मला माहीत नाही. कोरियाच्या युद्धात चिनी पायदळाच्या लाटांमागून लाटा अंगावर येऊ लागल्या, तेव्हा एकाच दिशेने मारा करणारा छोटा सुरुंग हवा अशी निकड निर्माण झाली आणि नॉर्मन मॅक्लाउड यांनी त्यावर काम सुरू केले. स्कॉटलंडमधील जुन्या रुंद तलवारीवरून त्यांनी त्याला ‘क्लेमोर’ हे नाव दिले. त्यांनी अर्ज दाखल केला १८ जानेवारी १९५६ रोजी, आणि अमेरिकी पेटंट क्रमांक २,९७२,९४९ मंजूर झाले फेब्रुवारी १९६१ मध्ये. आता शीर्षक पाहा. त्यात ‘क्लेमोर’ हा शब्द नाही, ‘माइन’ हाही नाही; शीर्षकाचा मराठीत अर्थ होतो ‘व्यक्तिविरोधी तुकडे उडवणारे शस्त्र’. दोन आठवडे ‘क्लेमोर माइन पेटंट’ असे शोधून आपण नेमके त्यालाच का चुकलात हे यावरून कळेल.

कागद सापडला म्हणून पाटीवर ‘शोधक: मॅक्लाउड, १९६१’ लिहून मोकळे व्हावे काय? माझ्या मते नाही. एम १८ या नावाची पहिली आवृत्ती पेटंट मंजूर होण्याच्या कितीतरी आधी बनली होती. न्यू जर्सीतील पिकाटिनी आर्सेनल या लष्करी संस्थेने १९५४ मध्येच तिच्यात सुधारणा करण्यासाठी प्रस्ताव मागवले होते, कारण तिची कामगिरी अपेक्षेपेक्षा बरीच कमी पडत होती. सुधारित रूपावर एरोजेट या कंपनीत गाय थ्रोनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले, आणि जिच्या बाकदार अंगावर ‘हा भाग शत्रूकडे’ अशा अर्थाची ठसठशीत इंग्रजी अक्षरे उठवलेली असतात ती एम १८ ए १ ही आवृत्ती १९६० मध्ये मानक ठरली. आपल्या दालनातील प्रत याच आवृत्तीची असणार. म्हणजे हातातील वस्तू एकाची, पेटंट दुसऱ्याचे आणि मंजुरीचे वर्ष वस्तूच्या मानकीकरणानंतरचे, अशी ही स्थिती आहे. त्याच्याही मागे गेले तर ज्या परिणामावर हे शस्त्र उभे आहे (स्फोटकाच्या रुंद थराचा जोर मुख्यतः त्याच्या समोरच्या दिशेने जातो) तो हंगेरीचे मिस्नाय आणि जर्मनीचे ह्युबर्ट शार्डिन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वतंत्रपणे अभ्यासला होता आणि आज तो दोघांच्या जोडनावानेच ओळखला जातो.

पुढे या पेटंटावरून मॅक्लाउड, अमेरिकी भूदल आणि एरोजेट यांच्यात दिवाणी दावा चालला. महायुद्धकाळातील एका जर्मन नमुन्याची छायाचित्रे पुराव्यात दाखल झाली आणि मॅक्लाउड यांची बाजू कोसळली. पेटंट हा सरकारी शिक्क्याचा दस्तऐवज असल्यामुळे वाचणारा त्यापुढे मान तुकवतो, परंतु तो शिक्का एवढेच सांगतो की तपासनिसाच्या टेबलावर त्या दिवशी जे पूर्वीचे ज्ञान होते त्याच्या तुलनेत हा अर्ज नवा वाटला. शत्रूच्या गुप्त कारखान्यात काय बनत होते हे त्या टेबलावर येणार कोठून? लष्करी सामग्रीच्या पेटंटांत ‘पहिला’ हा शब्द मी त्यामुळे सहसा वापरत नाही.

अशा पेटंटाच्या शेवटी काय छापले आहे ते अवश्य वाचावे. १९४७ पासून अमेरिकी पेटंटांवर तपासनिसाने विचारात घेतलेल्या जुन्या पेटंटांची यादी छापली जाऊ लागली. ती यादी धरून मागे जाता येते, आणि ज्या नव्या पेटंटांनी आपल्या पेटंटाचा उल्लेख केला आहे ती धरून पुढे येता येते. कोणत्याही शब्दाने न सापडलेली दोन-तीन महत्त्वाची पेटंटे मला या मागच्या-पुढच्या चालीतच मिळाली आहेत. आणखी एक खूण म्हणजे आरंभीचे ते ठरावीक वाक्य, ज्यात सांगितलेले असते की या शोधाचा उपयोग सरकार किंवा सरकारसाठी काम करणारे लोक शोधकाला मोबदला न देता करू शकतील. ते वाक्य दिसले की शोधक सरकारी नोकर होता किंवा सरकारी कामातून हा शोध निघाला असे समजून त्या संस्थेच्या अहवालांकडे वळावे. पेटंटात जे चार ओळींत आटोपलेले असते ते तिथे चाळीस पानांत असते.

तारखांबद्दल माझीच एक चूक सांगतो. व्यवसायाच्या सुरुवातीला एका संग्राहकासाठी ब्रिटिश फ्यूजचे पेटंट शोधताना मला जुन्या सूचीत नुसता पाच आकडी क्रमांक मिळाला. मी तो मागवला, आले ते सायकलच्या दिव्याचे पेटंट. १९१५ पर्यंत ब्रिटनमध्ये दरवर्षी क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होत असत आणि सलग क्रमांक १००,००१ पासून सुरू झाले ते १९१६ मध्ये, हे मला ठाऊक नव्हते. वर्षावाचून जुना ब्रिटिश क्रमांक म्हणजे तालुक्यावाचून गट नंबर. त्यातून त्या वर्षी दाखल झालेला अर्ज पुढच्या वर्षी स्वीकारला जाई आणि तरी क्रमांकाला आधीचेच वर्ष चिकटलेले राही. म्हणून माझ्या नोंदींत मी नेहमी अर्जाची तारीख, मंजुरीची किंवा प्रसिद्धीची तारीख, आणि परदेशातील पहिल्या अर्जाचा आधार घेतला असल्यास ती तारीख, अशा तिन्ही वेगळ्या लिहितो. पाटीवर एकच मावत असेल तर अर्जाची लिहावी, कारण कल्पना माणसाच्या डोक्यात तोवर आलेली होती एवढे तरी तिच्यावरून ठरते.

गुप्ततेचा पडदा हा या विषयाचा गाभाच आहे. ब्रिटनने १८५९ मध्येच युद्धसामग्रीच्या पेटंटांसाठी स्वतंत्र कायदा करून शोधकाने आपला हक्क युद्धमंत्र्यांकडे सोपवावा आणि विनिर्देश, म्हणजे शोधाचे तपशीलवार वर्णन, मोहोरबंद राहावा अशी सोय केली होती. अमेरिकेत दोन्ही महायुद्धांच्या काळात तात्पुरते कायदे झाले आणि १९५१ मध्ये कायमचा गुप्तता कायदा आला, ज्याखाली अर्ज मंजुरीयोग्य असूनही वर्षानुवर्षे थोपवून ठेवता येतो. किती वर्षे? सांकेतिक लिपीचे तज्ज्ञ विल्यम फ्रीडमन यांनी २५ जुलै १९३३ रोजी दाखल केलेला अर्ज पेटंट म्हणून बाहेर आला तो १ ऑगस्ट २००० रोजी, शोधकाच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी. ते पेटंट सुरुंगाचे नव्हे, सांकेतिक यंत्राचे आहे, पण नियम एकच. एखादी वस्तू १९४४ ची आहे म्हणून १९४० ते १९५० एवढ्याच वर्षांत शोध घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही याचे कारण बहुधा हेच असते. मंजुरीच्या वर्षाची मर्यादा मोकळी सोडावी आणि अर्जाच्या वर्षाची घट्ट ठेवावी. भारतातही १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३५ नुसार संरक्षणाशी संबंधित अर्जांवर गुप्ततेचे आदेश देता येतात आणि कलम ३९ नुसार भारतात राहणाऱ्याला परवानगीवाचून थेट परदेशात अर्ज करता येत नाही. पुण्यात पाषाणला असलेल्या एआरडीई या शस्त्रास्त्र-संशोधन संस्थेत आजच्या भारतीय सुरुंगांचे आराखडे बनतात, पण आपल्या चारही वस्तूंची घडण परदेशातील असल्यामुळे या बाजूला वेळ घालवण्याचे कारण नाही.

जर्मन वस्तूंसाठी आणखी थोडे सांगावे लागेल. बर्लिनचे शाही पेटंट कार्यालय १८७७ मध्ये सुरू झाले. १९४५ मध्ये पराभवाबरोबर कार्यालयाचे काम थांबले आणि १९४९ च्या ऑक्टोबरमध्ये म्युनिकला नवे कार्यालय उघडले. मधल्या चार वर्षांची पोकळी आणि त्याआधीची गुप्त पेटंटे यांमुळे महायुद्धाच्या उत्तरार्धातील जर्मन सामग्रीचा माग बर्लिनच्या कागदांत अनेकदा तुटतो. तो जोडायला दोन आडवाटा आहेत. पहिली अमेरिकेची: शत्रूराष्ट्रांतील लोकांची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या तिथल्या अधिकाऱ्याने जप्त केलेले प्रलंबित अर्ज १९४३ मध्ये छापून प्रसिद्ध केले, आणि जे जर्मन कार्यालयात बाहेर आले नाही ते तिथे उघडे पडलेले सापडते. दुसरी वाट स्वित्झर्लंडची. व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर शस्त्रनिर्मितीची बंधने घातल्यानंतर जर्मन कारखान्यांनी शेजारच्या देशांत पाय रोवले. ऱ्हाइनमेटालने १९२९ मध्ये झोलोथुर्नची स्विस कंपनी घेतली ती यासाठीच. त्यामुळे दोन महायुद्धांमधल्या काळातील जर्मन बुद्धीचे काम स्विस पेटंटांतही शोधावे.

आपल्या ताटलीसारख्या डब्याकडे येतो. जर्मन भाषेत ‘टेलर’ म्हणजे ताटली, म्हणून तो ‘टेलरमिने’. त्याच्या पुढचे २९, ३५, ४२ किंवा ४३ हे आकडे नमुन्याचे वर्ष सांगतात, पेटंटाचे नव्हे. डब्यावर दोन-तीन अक्षरांचा एखादा संकेत, वर्ष आणि गरुडाखाली शिक्का दिसत असेल तर तो संकेत कारखान्याचा आणि शिक्का लष्करी तपासणीचा असतो. नागरी वस्तूंवर जर्मन पेटंट दाखवणारी ‘डी आर पी’ किंवा फ्रेंच पेटंट दाखवणारी ‘एस जी डी जी’ ही अक्षरे विक्रेता अभिमानाने मिरवतो, कारण त्याला प्रतिस्पर्ध्याला धाक घालायचा असतो. जमिनीत पुरायच्या वस्तूवर ती मिरवायची कोणाला? आपण पाठवलेल्या छायाचित्रात जो क्रमांक आपल्याला पेटंटाचा वाटला तो माझ्या नजरेने भरणीच्या खेपेचा आहे.

लाकडी पेटीबद्दल लवकर आटोपते घेतो. सोव्हिएत ‘पीएमडी’ मालिकेतील लाकडी सुरुंग आणि जर्मनांचा ‘शू-मिने ४२’ यांची ठेवण इतकी जवळची आहे की पेटंटापेक्षा रणांगणावर हाती लागलेल्या नमुन्याचाच तिथे विचार करावा. शत्रूची वस्तू उचलायची, उघडायची आणि आपल्या कारखान्यात उतरवायची, हीच या क्षेत्रातील खरी परवाना-पद्धती. अमेरिकेचा जमिनीतून वर उडून फुटणारा एम १६ सुरुंगही हस्तगत केलेल्या जर्मन ‘एस-मिने’च्या आराखड्यांवर बेतलेला होता. आणि सोव्हिएत पद्धतीत शोधकाला पेटंटाऐवजी बहुधा ‘लेखकत्वाचे प्रमाणपत्र’ मिळे, म्हणजे नाव त्याचे आणि हक्क राज्याचा. लष्करी विषयांवरील गुप्त प्रमाणपत्रे छापलीच जात नसत.

उरले सुरुंगशोधक यंत्राचे कडे, आणि माझ्या मते आपल्या दालनातील सर्वांत बोलकी वस्तू हीच आहे. छायाचित्रावरून ते पोलिश शोधकाच्या धर्तीचे ब्रिटिश यंत्र दिसते. त्याचा जनक योझेफ कोसात्स्की हा पोलंडचा लेफ्टनंट. मायदेश जर्मनांनी व्यापल्यावर तो स्कॉटलंडमध्ये पोलिश सैन्यात होता आणि १९४१-४२ च्या हिवाळ्यात त्याने हे यंत्र सिद्ध केले. त्याने पेटंट घेतले नाही. यंत्र त्याने ब्रिटिश सैन्याला तसेच देऊन टाकले आणि त्याबद्दल राजे सहावे जॉर्ज यांचे आभाराचे पत्र त्याला मिळाले. ऑक्टोबर १९४२ मध्ये इजिप्तमधील एल अलामेनच्या लढाईत अशी सुमारे ५०० यंत्रे वापरात होती, आणि तासाला सुमारे १०० चौरस मीटर असलेला वाळूतील सफाईचा वेग दुपटीवर गेला. यंत्राआधी हे काम काय होते याची कल्पना हवी असेल तर खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांचे मानपत्र वाचावे: १९४१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत त्यांनी अ‍ॅबिसिनियात (आजच्या इथिओपियात) चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवरील १५ सुरुंगक्षेत्रे मोकळी केली, आणि त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

कोसात्स्कीचे नाव शोधताना आणखी एक फास आहे. कुटुंब व्याप्त पोलंडमध्ये असल्यामुळे युद्धकाळात त्याचे नाव गुप्त ठेवले गेले, आणि नंतर अनेक ठिकाणी आडनावात एका अक्षराचा बदल होऊन ते ‘कोझात्स्की’ असे छापले गेले. पोलिश, रशियन, हंगेरियन नावे शोधताना निदान तीन-चार लेखनपद्धती वापरून पाहाव्यात. मिस्नाय हे आडनावही कागदोकागदी वेगळे भेटते.

धातुशोधकाचे पेटंट म्हणून आपल्याला जे सापडले, ते गेरहार्ड फिशर यांचे अमेरिकी पेटंट क्रमांक २,०६६,५६१, ते खरे आहे. अर्ज १९३३ चा, मंजुरी जानेवारी १९३७ ची. परंतु ते या यंत्राचे पेटंट नव्हे. त्याहीपूर्वी, १८८१ मध्ये, ग्रॅहम बेल यांनी राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी विद्युत्-उपकरण वापरून पाहिले होते. एकाच तत्त्वावर चालणारी तीन उपकरणे म्हणजे एका पेटंटाची तीन अपत्ये नव्हेत, आणि फिशर यांचा क्रमांक कोसात्स्कीच्या यंत्राखाली लिहिणे हा दोघांवरही अन्याय होईल. अशा ठिकाणी ‘पेटंट घेतले नाही’ हीच पाटीवर लिहिण्याजोगी, पूर्ण माहिती आहे.

कागद नसण्याचे दोन प्रकार मात्र वेगळे ओळखायला हवेत. कोसात्स्कीच्या बाबतीत पेटंट कधी मागितलेच गेले नाही. उलट अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेकडील राज्यांचे रिचमंड येथे स्वतंत्र पेटंट कार्यालय होते, त्याने २६६ पेटंटे दिली, आणि १८६५ मध्ये शहर जळाले तेव्हा त्याचे बहुतेक दप्तर गेले. वॉशिंग्टनच्या कार्यालयालाही १५ डिसेंबर १८३६ रोजी आग लागून सुमारे १०,००० पेटंटे नष्ट झाली होती, त्यांपैकी तीन हजारांहून कमी पुन्हा उभी करता आली. म्हणून एकोणिसाव्या शतकातील वस्तूपुढे ‘पेटंट नव्हते’ असे लिहिण्याआधी त्या देशाचे दप्तर शाबूत आहे काय हे पाहावे. आपल्या चारही वस्तू विसाव्या शतकातील असल्याने ही चिंता आपल्याला नाही.

पाट्यांसाठी माझी सूचना अशी की ‘शोधक’ आणि ‘पेटंट’ हे रकाने काढून ‘आराखडा कोणाचा’, ‘संबंधित पेटंटे’ आणि ‘वस्तूवरील खुणा’ असे तीन करावेत. टेलरमिनेखाली जर्मन भूदलाचा नमुना, त्याचे वर्ष आणि दिसतात तशाच खुणा लिहाव्यात, दुसरा रकाना मोकळा सोडावा. लाकडी पेटी प्रतिकृती असल्याचे आधी लिहून मग सोव्हिएत व जर्मन अशा दोन्ही नमुन्यांची नावे द्यावीत. शोधक यंत्राखाली कोसात्स्की, १९४१-४२, पेटंट घेतले नाही. क्लेमोरखाली मॅक्लाउड यांचे पेटंट, अर्ज १९५६ व मंजुरी १९६१, एम १८ ए १ चे मानकीकरण १९६०, आणि पेटंटावरून पुढे दावा झाल्याची एक ओळ. त्या प्रतीच्या मागच्या बाजूचे छायाचित्र मात्र आपल्या पत्रात नाही. खेपेचा क्रमांक बहुधा तिथेच असतो, तेव्हा ती सरावाचीच प्रत असल्याची खातरजमा बॉम्बशोधक पथकाकडून डब्याबरोबरच करून घ्यावी आणि नंतर ते छायाचित्र मला पाठवावे.